द्रव अपमार्जक (घरगुती हाताळणी)

कपडे धुण्यासाठी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या, बाटलीतून ओतता येणाऱ्या रासायनिक मिश्रणांना स्थूलमानाने द्रव अपमार्जक असे म्हणतात. काटेकोरपणे पाहता अपमार्जक ही संज्ञा मळ काढणाऱ्या मिश्रणापुरतीच मर्यादित आहे. परंतु घरातल्या त्याच फळीवर द्रव नीळ, कापड मऊ करणारे कंडिशनर आणि विरंजक म्हणजे ब्लीच यांच्याही बाटल्या असतात व त्यांची हाताळणी एकाच सवयीने होते. म्हणून प्रस्तुत लेखात या चारही द्रवांचा एकत्र विचार केला आहे. योग्य प्रमाणात व सांगितलेल्या रीतीने वापरले असता हे द्रव सामान्यतः निर्धोक असतात. घरात होणाऱ्या अपघातांचे मूळ बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या सवयींत सापडते. मूळ बाटली टाकून भलत्याच बाटलीत द्रव भरणे, अंदाजाने ओतणे, दोन द्रव एकत्र करणे आणि ओल्या हातांकडे दुर्लक्ष करणे या त्यांतील प्रमुख सवयी होत.

नाव

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत 'अपमार्जक' हा शब्द रूढ असला, तरी बोलण्यात तो कोणीही वापरत नाही. घरात त्याला 'लिक्विड' असेच म्हणतात. हा मूळचा सामान्य अर्थाचा इंग्रजी शब्द मराठीत विशिष्ट वस्तूचे नाव होऊन बसला आहे. अडचण अशी, की भांड्यांचे लिक्विड, कपड्यांचे लिक्विड आणि फरशीचे लिक्विड या तीन निराळ्या वस्तूंना एकच नाव मिळाले. 'मोरीतले लिक्विड आण' असे सांगितल्यावर नेमके काय आणायचे, हे ऐकणाऱ्याने रंगावरून किंवा वासावरून ठरवायचे असते. शब्दाचा हा ढिलेपणा भाषेपुरता राहत नाही. हात चुकून दुसऱ्याच बाटलीकडे जाण्याचे तेही एक कारण आहे.

पूर्वपीठिका

रिठ्याच्या फळात सॅपोनिन नावाचे फेसाळणारे द्रव्य असते. रिठे रात्रभर भिजत घालून त्या पाण्यात रेशमी व लोकरी कपडे धुण्याची रीत जुनी आहे, आणि त्या अर्थाने द्रव धुलाई ही नवी गोष्ट नाही. कारखान्यात तयार झालेले, बाटलीतून विकले जाणारे कपड्यांचे द्रव अपमार्जक मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. अमेरिकेत 'विस्क' हे द्रव अपमार्जक १९५६ साली बाजारात आले आणि 'टाइड'चे द्रवरूप १९८४ साली. भारतात त्या काळात वड्या आणि भुकटीचेच राज्य होते. 'सर्फ' १९५९ मध्ये आले आणि १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत 'निरमा' सुरू करून भुकटी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. द्रवरूपाची सवय मराठी घरांना लावली ती प्रथम निळीने. एम. पी. रामचंद्रन यांनी १९८३ साली केरळमध्ये सुरू केलेल्या उद्योगातून 'उजाला' ही जांभळट द्रव नीळ देशभर पसरली. त्याआधीची भुकटीची नीळ पाण्यात विरघळत नसे. मलमलच्या पुरचुंडीत बांधून ती बादलीत हलवावी लागे, नाहीतर कपड्यांवर ठिपके पडत. पुढे धुलाई यंत्रे वाढली, तशी यंत्रासाठीची द्रव अपमार्जके, त्यांचे पाच लिटरचे कॅन आणि भरणीच्या पिशव्या वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचल्या.

घटक

मळ सुटतो तो मुख्यतः पृष्ठताण कमी करणाऱ्या घटकांमुळे. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलकट मळाला धरते. साबण दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग पावून साका तयार करतो. अपमार्जकाचे तसे सहसा होत नाही. विहिरीच्या आणि बोअरच्या जड पाण्याच्या गावांत त्याला पसंती मिळाली ती यामुळेच. याशिवाय रक्त, दूध, अन्न यांचे डाग फोडणारी विकरे, कापड उजळ भासवणारी द्रव्ये, सुगंध, रंग आणि परिरक्षके असतात.

कंडिशनरमधील मुख्य घटक धनभारित असतो व तो धाग्यांवर पातळ थर देऊन बसतो. अपमार्जकातील बहुतेक घटक ऋणभारित असतात. त्यामुळे दोन्ही एकाच पाण्यात ओतले, तर ते परस्परांना निष्प्रभ करतात आणि कपड्यांवर चिकट डाग उरतात. कंडिशनर शेवटच्या पाण्यातच घालावयाचे असते. त्याच्या थरामुळे टॉवेल पाणी नीट टिपत नाहीत, म्हणून पंचे व टॉवेल यांना ते न लावणे बरे. अग्निरोधक प्रक्रिया केलेल्या मुलांच्या कपड्यांनाही ते लावू नये.

विरंजकात सोडिअम हायपोक्लोराइट असते. घरगुती ब्लीचमध्ये त्याचे प्रमाण साधारणतः चार ते सहा टक्के असते. ऊन व उष्णता यांनी ते हळूहळू निकामी होते, म्हणून त्याच्या बाटल्या अपारदर्शक असतात. लोकर व रेशीम यांचा त्याने नाश होतो. पाण्यात लोह विरघळलेले असेल, तर पांढरे कपडे शुभ्र होण्याऐवजी तांबूस पिवळे पडतात. द्रव निळीतील रंगही ब्लीचमुळे जातो. कपड्याला आधी नीळ देऊन मागाहून ब्लीच वापरणाऱ्याची नीळ फुकट जाते.

मूळ बाटली व बदललेली बाटली

या विषयातील सर्वांत गंभीर सवय ही आहे. पाच लिटरचा कॅन किंवा भरणीची पिशवी स्वस्त पडते, परंतु ती रोज उचलून ओतणे अवघड असते. मग गृहिणी किंवा गृहस्थ हाताशी असलेल्या रिकाम्या बाटलीत थोडे द्रव काढून ठेवतात. हाताशी असलेली बाटली बहुधा पाण्याची, सरबताची किंवा शीतपेयाची असते. आठवडी बाजारात आणि दारावर सुटे लिक्विड, फिनेल व ॲसिड विकणारेही बऱ्याचदा अशाच जुन्या बाटल्या भरून देतात. तिच्यावर ना नाव असते, ना सूचना, ना घटकांची यादी. उरते ती फक्त बाटलीची ओळख, आणि ती ओळख पिण्याची असते.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे वाचता येत नाहीत. त्याला आकार वाचता येतो. निळे, गुलाबी वा हिरवे सुवासिक द्रव शीतपेयाच्या बाटलीत दिसले, की ते पिण्याचे आहे असा त्याने केलेला तर्क त्याच्या अनुभवाशी सुसंगतच असतो. घराघरांत स्टोव्ह होते त्या काळात मुलांनी रॉकेल प्यायल्याच्या घटना याच कारणाने घडत. इंधन बदलले, बाटलीची सवय तशीच राहिली. धोका मुलांपुरता नाही. दृष्टी मंदावलेले वृद्ध, स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण आणि रात्री अंधारात तहान लागून उठलेली कोणतीही व्यक्ती याच चुकीला बळी पडू शकते.

द्रव मूळ बाटलीतच ठेवावे. मोठ्या कॅनमधून काढावयाचे असेल, तर त्याच उत्पादनाची रिकामी झालेली मूळ बाटली पुन्हा भरावी. तीही नसेल, तर खाण्यापिण्याशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा आकाराचे भांडे घेऊन त्यावर पुसले जाणार नाही अशा शाईने मराठीत ठळक नाव लिहावे. छापील वेष्टनांवर मराठी मजकूर क्वचितच असतो आणि इंग्रजी सूचना इतक्या बारीक टाईपात असतात, की चष्मा लावूनही त्या वाचवत नाहीत. ज्या हातांनी ती बाटली रोज उघडली जाते, त्यांच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत. घरी लिहिलेली चिठ्ठी ही उणीव काही अंशी भरून काढते. ब्लीचच्या बाटलीत मात्र दुसरे काहीही कधीच भरू नये, आणि दुसऱ्या बाटलीत ब्लीच भरू नये.

ठेवण्याची जागा मुलांच्या हाताला न लागणारी व बंद असावी. धुलाई यंत्राच्या झाकणावर किंवा मोरीच्या कठड्यावर उघडी राहिलेली बाटली ही नेहमीची स्थिती आहे. यंत्र चालताना थरथरते आणि त्यावरची बाटली सरकत जाऊन पडते. फरशीवर सांडलेल्या अपमार्जकावर लगेच पाणी ओतण्याची ऊर्मी आवरावी. पाण्याने फेस होऊन निसरडे क्षेत्र वाढते. आधी कोरड्या फडक्याने किंवा जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्यावे, मग पुसावे.

मोजमाप

बाटलीचे टोपण हेच माप असते व त्याच्या आतल्या बाजूस रेघा असतात, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. ओतणारा फेसाकडे पाहून ओततो. फेस आला म्हणजे कपडा स्वच्छ झाला, हा समज वडीच्या साबणाच्या काळातला असून आजही दृढ आहे. वस्तुतः फेस व स्वच्छता यांचे नाते फार सैल आहे. समोरून कपडे घालावयाच्या यंत्रासाठीची द्रवे मुद्दाम कमी फेसाची केलेली असतात, कारण त्या यंत्रात कपडे वरून खाली आपटून मळ निघतो आणि फेसाची गादी तो आपट अडवते.

जास्त ओतल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. खळबळण्यास पाणी अपुरे पडते, धाग्यांत अपमार्जक उरते आणि घामाच्या जागी, विशेषतः काख, कंबर व मान येथे, कातडीला खाज सुटते. तान्ह्या मुलांच्या दुपट्यांच्या बाबतीत हे अधिक जाणवते. यंत्राच्या आतही चिकट थर साचून कुबट वास येऊ लागतो. तो घालवण्यासाठी लोक आणखी सुगंधी द्रव ओततात, ही गंमत नव्हे तर विपर्यास आहे. किती प्रमाण घ्यावे हे कपड्यांचे वजन, मळ व पाण्याचे जडपण यांवरून ठरते. मऊ पाण्याच्या गावी बाटलीवरील प्रमाणापेक्षा कमी द्रवही पुरते. मोजण्यासाठी स्वयंपाकघरातील चमचा वा पेला कधीही घेऊ नये. तो परत स्वयंपाकघरात जातोच.

द्रव नीळ बादलीभर पाण्यात थेंबांनी मोजून घालावी व पाणी ढवळल्यावरच कपडा बुडवावा. थेट कपड्यावर पडलेला थेंब डाग होऊन बसतो.

हात, दात व डोळे

भरणीच्या पिशवीचा कोपरा दातांनी फाडण्याची सवय सर्वत्र दिसते. तिने दोन अपघात होतात: द्रव तोंडात जाते, किंवा पिशवी दाबली गेल्याने चिळकांडी थेट डोळ्यात उडते. कात्री घ्यावी, पिशवी ओट्यावर उभी धरावी आणि तोंड बाजूला ठेवून कापावी. ब्लीच ओतताना डोळे पात्राच्या पातळीला आणू नयेत. बाटलीत काय आहे हे हुंगून पाहण्याची सवयही सोडावी, कारण ते ब्लीच किंवा तीव्र आम्ल असेल, तर एक श्वासही नाकाघशाची आग करण्यास पुरेसा असतो.

हाताने धुणे धुणाऱ्यांच्या कातडीतील नैसर्गिक स्निग्धता अपमार्जकाने निघून जाते. कातडी कोरडी पडते, भेगा जातात आणि पुढे त्वचादाह होतो. त्याची सुरुवात पुष्कळदा अंगठीखाली किंवा बांगड्यांच्या खाली होते, कारण तेथे फेस अडकून राहतो व पुसताना तो भाग कोरडा होत नाही. अंगठी काढून ठेवणे, काम संपताच साध्या पाण्याने हात धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळणे एवढ्याने बराच फरक पडतो. रबरी हातमोजे उपयोगी आहेत, मात्र ते आतून ओले झाले असता न घातलेले बरे. डाग घालवण्यासाठी घट्ट द्रव बोटाने कपड्यावर चोळले, तर बोट लगेच धुवावे.

या संदर्भात एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. शहरांत या द्रवांशी सर्वाधिक काळ संबंध येतो तो विकत आणणाऱ्यांचा नव्हे, तर चार-पाच घरी धुणे-भांडी करणाऱ्या स्त्रियांचा. प्रत्येक घरी निराळे द्रव, निराळी बाटली आणि निराळी पद्धत असते. कोणत्या बाटलीत काय आहे, कशात काय मिसळू नये, हे त्यांना तोंडी सांगणे व हातमोजे देणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती बहुधा पार पाडली जात नाही.

मिश्रणे

ब्लीच आणि आम्ल एकत्र आले, की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, हिरवट पिवळा व अत्यंत दाहक असून पहिल्या महायुद्धात युद्धवायू म्हणून वापरला गेला होता. घरात हे दोन्ही पदार्थ बहुधा एकाच खोलीत असतात. शौचकूप साफ करण्याच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि शेजारीच कपड्यांचे ब्लीच असते. न्हाणीघर लहान, झरोका बंद आणि साफ करणारा वाकलेला, अशा स्थितीत थोडा वायूही घातक ठरतो. कपडे भिजवलेले ब्लीचचे पाणी शौचकुपात ओतणे व त्यावर लगेच आम्ल टाकणे, हा या अपघाताचा साधा मार्ग आहे. दोन द्रवे 'एकत्र केली' असे त्या व्यक्तीला वाटतही नाही. व्हिनेगर व लिंबाचा रस हीही आम्लेच आहेत. ती ब्लीचमध्ये मिसळून डाग काढण्याच्या ज्या युक्त्या भ्रमणध्वनीवरून फिरतात, त्या करून पाहू नयेत. अमोनियायुक्त द्रवाबरोबर, उदाहरणार्थ काच पुसण्याच्या काही द्रवांबरोबर, ब्लीच मिसळल्यास क्लोरामीन नावाचे दाहक वायू निर्माण होतात. लघवीतही अमोनिया निर्माण होत असल्याने मुलांची ओली दुपटी आधी साध्या पाण्यातून काढावीत आणि मगच ब्लीचच्या पाण्यात घालावीत.

कोविड-१९ साथीच्या काळात हायपोक्लोराइटचा वापर एकाएकी वाढला. पृष्ठभाग पुसण्यासाठीचे हे द्रावण माणसांच्या अंगावरही फवारले जाऊ लागले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये असे फवारे मारू नयेत असे कळवले.

कॅप्सूल

पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक आवरणात एका धुण्यापुरते घट्ट द्रव भरलेल्या कॅप्सूल अमेरिकेत २०१२ पासून मोठ्या प्रमाणावर विकल्या जाऊ लागल्या. रंगीत, मऊ व हातात मावणारी ही वस्तू लहान मुलांना गोळीसारखी वाटते. चावताच ती फुटते आणि आतले घट्ट द्रव दाबाने घशात किंवा डोळ्यात जाते. तेथील रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेल्या एका पाहणीत तीन-चार वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांना कॅप्सूलमुळे झालेल्या रासायनिक इजांचा अंदाज २०१२ मध्ये १२, तर २०१५ मध्ये ४८० इतका निघाला. युरोपीय संघाने २०१५ पासून अपारदर्शक डबा, आवरणात कडू द्रव्य आणि पाण्यात किमान ३० सेकंद टिकणारे आवरण अशा अटी घातल्या. २०१८ च्या आरंभी अमेरिकेतील काही किशोरवयीनांत त्या चावून त्याचे चित्रीकरण करण्याची विकृत चढाओढ लागली होती. भारतातही कॅप्सूल मिळतात. त्या कोरड्या हातांनीच उचलाव्यात, कापू नयेत आणि डबा तत्काळ बंद करावा.

प्रथमोपचार

द्रव पोटात गेल्यास उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजण्याचा घरगुती उपाय येथे दुहेरी अपायकारक आहे: अपमार्जकाचा फेस उलटीबरोबर श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांना इजा करतो आणि जास्त मीठ स्वतःच विषारी ठरते. आम्लाने मारा करावा म्हणून लिंबू देऊ नये. तोंड ओल्या कापडाने पुसून चूळ भरायला लावावी व माणूस शुद्धीवर असेल, तर घोट-दोन घोट पाणी द्यावे. सतत खोकला, धाप, वारंवार उलट्या, गुंगी किंवा लाळ गळणे यांपैकी काहीही दिसल्यास, आणि कॅप्सूल किंवा ब्लीच गेले असल्यास काहीही न दिसताही, तत्काळ रुग्णालय गाठावे व बाटली सोबत न्यावी. बदललेल्या बाटलीचा शेवटचा तोटा येथे कळतो: डॉक्टरांना द्यायला नावच नसते.

डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा. पाण्याची धार नाकाकडून कानाकडे वाहू द्यावी, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात द्रव जात नाही. मूल रडते म्हणून दोन मिनिटांत थांबू नये. नंतर नेत्रतज्ज्ञास दाखवावे. वायू सुटल्यास प्रथम स्वतः बाहेर पडावे, इतरांना बाहेर काढावे आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. बादली रिकामी करण्यासाठी परत आत जाऊ नये.

नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र असून १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर तेथे सल्ला मिळतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

रिकाम्या बाटल्या

रिकामी बाटली पाण्याने विसळून ते पाणी पुढच्या धुण्यात वापरावे. तळाशी एका धुण्यापुरते अपमार्जक बहुधा निघते. ब्लीचची बाटली भरपूर पाण्याने विसळावी व ते पाणी वाहत्या नळाखाली सोडावे. भंगारात देण्यापूर्वी बाटलीच्या तळाला भोक पाडावे, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या घरी भरून जाणार नाही.